एक्स-रे शोधणारे रॉन्टजेन आणि आपल्या पिशवीतली फिल्म

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला की आमच्या बीड जिल्ह्यातली ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परततात. पाच-सहा महिने डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहिलेल्या असतात. मान, कंबर, गुडघे, पोट, सगळी दुखणी अंगावर काढलेली असतात. मग दवाखान्याच्या चकरा सुरू होतात आणि घरोघरी ती मोठी पिशवी दिसायला लागते. आत एक्स-रे, सीटी स्कॅन नाहीतर एमआरआयच्या काळ्या फिल्म.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरी सुट्टीत गावी गेलो की कुणी काका, कुणी मावशी फिल्म उजेडाकडं धरून विचारतात, की तू कॉम्प्युटरवाला आहेस तर बघ यात काय दिसतंय. मला त्यातलं काही कळत नाही. पण ही फिल्म नेमकी काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे शोधायला बसलो आणि थेट १८९५ सालात पोचलो. तिथं एक माणूस भेटला, ज्यानं ही गोष्ट शोधली आणि जो आपल्या सगळ्यांपेक्षा तिच्याकडं जास्त सावधपणे बघत होता. विल्हेल्म कॉनराड रॉन्टजेन. आज त्यांची गोष्ट.

दाखला नसलेला इंजिनिअर

रॉन्टजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतल्या लेनेप या गावात झाला. वडील कापडाच्या धंद्यात होते. विल्हेल्म तीन वर्षांचे असताना कुटुंब नेदरलँड्समधल्या आपेलडोर्न इथं राहायला गेलं. पुढे ते उट्रेख्टच्या टेक्निकल शाळेत शिकायला गेले आणि तिथं घोळ झाला. वर्गातल्या कुणीतरी एका शिक्षकाचं व्यंगचित्र काढलं. आळ रॉन्टजेनवर आला. खरं नाव सांगायला त्यांनी नकार दिला आणि शाळेनं त्यांनाच काढून टाकलं.

आपल्याकडं टीसी आणि मार्कशीटशिवाय पान हलत नाही, तिथंही तेच होतं. शाळा पूर्ण केल्याचा दाखला नाही म्हणून विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळेना. मग कळलं की स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये या दाखल्याशिवाय शिकता येतं. १८६५ मध्ये ते तिथं गेले आणि १८६८ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदविका घेऊन बाहेर पडले. याच संस्थेत पुढे अल्बर्ट आइन्स्टाइन शिकले. म्हणजे एक्स-रे शोधणारा माणूस शिक्षणानं डॉक्टर नव्हता, मेकॅनिकलवाला होता!

१८६९ मध्ये त्यांनी वायूंवरच्या कामासाठी डॉक्टरेट मिळवली. १८७२ मध्ये झुरिकच्या एका कॅफेवाल्याची मुलगी अॅना बर्था लुडविग हिच्याशी लग्न केलं. त्यांना मूल झालं नाही. बर्थाच्या भावाची मुलगी त्यांनी दत्तक घेतली.

दाखल्याचं भूत मात्र मानेवरून उतरलं नव्हतं. वुर्झबर्ग विद्यापीठानं सुरुवातीला त्याच कारणानं त्यांना शिकवण्याचा अधिकार नाकारला. ते स्ट्रासबुर्गला गेले, नंतर गिसेनला प्राध्यापक झाले. शेवटी १८८८ मध्ये त्याच वुर्झबर्गनं त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावून घेतलं. १८९४ मध्ये ते तिथले प्रमुख झाले. तोपर्यंत ते पन्नाशीला आले होते. बारीक मोजमाप करणारा, कमी बोलणारा आणि स्वतःची उपकरणं स्वतः जुळवणारा माणूस, अशी त्यांची ओळख होती.

सात आठवडे कुणाला सांगितलं नाही

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. रॉन्टजेन अंधाऱ्या प्रयोगशाळेत एका काचेच्या नळीवर काम करत होते. नळीतली बहुतेक हवा काढून टाकलेली आणि दोन टोकांना जास्त दाबाची वीज. नळीचा उजेड बाहेर येऊ नये म्हणून ती काळ्या पुठ्ठ्यानं पूर्ण झाकली होती. तरीही थोड्या अंतरावर ठेवलेला, बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. उजेड तर बाहेर येत नव्हता. मग पडदा कशामुळं चमकतोय?

आज असं काही घडलं तर आपण आधी व्हिडिओ काढू आणि स्टेटसला टाकू. रॉन्टजेन यांनी पुढचे सात आठवडे जवळजवळ कुणालाच काही सांगितलं नाही. जेवण-झोपही बऱ्याचदा प्रयोगशाळेतच. त्यांना आपलंच खरं वाटत नव्हतं, म्हणून ते एकेक प्रश्न तपासत होते. हे किरण कागदातून जातात का? जातात. लाकडातून? जातात. अॅल्युमिनियममधून? थोडे अडतात. शिशातून? जवळजवळ नाहीच. चुंबकानं वळतात का? नाही. एकदा शिशाचा तुकडा हातात धरून तपासताना पडद्यावर त्यांना स्वतःच्या बोटांच्या हाडांची सावली दिसली.

२२ डिसेंबरला त्यांनी बर्थाला प्रयोगशाळेत बोलावलं आणि तिचा हात फोटोच्या प्लेटवर ठेवला. सुमारे पंधरा मिनिटं हात तसाच ठेवावा लागला. प्लेट धुतल्यावर त्यात बोटांची हाडं आणि अंगठी दिसत होती. स्वतःची हाडं बघून बर्था घाबरली, तिला तो मरणाचा संकेत वाटला, असं सांगतात. आज छातीच्या एक्स-रेला सेकंदाचा एक छोटासा भागही पुरतो.

२८ डिसेंबरला रॉन्टजेन यांनी आपला अहवाल वुर्झबर्गच्या विज्ञानमंडळाकडं दिला. किरण नेमके कसले आहेत हे आपल्याला कळलेलं नाही, म्हणून त्यांनी गणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर उचललं आणि नाव दिलं 'एक्स' किरण. मराठीत तेच क्ष-किरण. जगातल्या एवढ्या मोठ्या शोधाच्या नावातच शोधणाऱ्यानं लिहून ठेवलंय की मला अजून सगळं माहीत नाही.

एक्स-रे म्हणजे सावली

फोनचा टॉर्च तळहातावर टेकवून बघा. बोटं लालसर दिसतात, पण हाडं दिसत नाहीत, कारण साधा उजेड मांसातच इकडंतिकडं विखुरतो. एक्स-रे मांसातून बरेचसे आरपार जातात. हाडातलं कॅल्शियम त्यांना जास्त अडवतं. पलीकडच्या प्लेटवर किरण जिथं कमी पोचतात, तो भाग पांढरा दिसतो. म्हणजे एक्स-रे हा शरीराच्या आतला फोटो नाही, ती सावली आहे. गावाकडं आपण एक्स-रेला फोटो काढला असंच म्हणतो आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

सावलीच्या अडचणी आपल्याला माहीत आहेत. मागचं-पुढचं सगळं एकावर एक पडतं. एकसारखी अडवणूक करणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून साध्या एक्स-रेत मोडलेलं हाड छान दिसतं, न्यूमोनियाचा डाग दिसू शकतो, पण मणक्यामधली चकती, शीर, स्नायू, लिगामेंट दिसत नाही. गुडघा मुरगळला आणि एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे गुडघ्यात काहीच झालं नाही असं नव्हे. हाड मोडलेलं दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पेटंट घेतलं नाही

जानेवारी १८९६ मध्ये बातमी वर्तमानपत्रांत आली आणि जगभर गेली. नळी आणि वीज बऱ्याच प्रयोगशाळांत आधीच होती, त्यामुळं काही आठवड्यांतच डॉक्टर मोडलेली हाडं आणि शरीरात अडकलेल्या सुया, गोळ्या शोधू लागले. २३ जानेवारीला वुर्झबर्गमध्ये रॉन्टजेन यांनी जाहीर व्याख्यान दिलं आणि तिथंच ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचं चित्र घेऊन दाखवलं. कोलिकर यांनी या किरणांना रॉन्टजेन यांचं नाव द्यायला सुचवलं. जर्मनीत आजही तेच नाव चालतं.

त्यांच्याकडं पैसे कमवायची संधी चालून आली होती. त्यांनी पेटंट घेतलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सगळा कोड ओपन सोर्स करून टाकला. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं. बक्षिसाची रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. सरदारकीचा किताब देऊ केला गेला, तो नाकारला. एक्स-रेवर त्यांनी एकूण तीनच शोधनिबंध लिहिले आणि ते आपल्या जुन्या विषयांकडं वळले.

किंमत दुसऱ्यांनी मोजली

बाहेर मात्र जत्रा भरली होती. लोक गंमत म्हणून हाताची हाडं बघत होते. पुढे काही देशांत चपलांच्या दुकानात पायाचं माप बघायलाही एक्स-रेची पेटी आली. एडिसन यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली रोज यंत्रासमोर स्वतःचा हात धरून ते तपासायचा. आधी कातडी भाजली, मग कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसन यांनी एक्स-रेचं काम सोडून दिलं. १९३६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये अशा किरणांनी बळी गेलेल्या डॉक्टर-तंत्रज्ञांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर सुरुवातीलाच दीडशेहून जास्त नावं होती.

रॉन्टजेन या यादीत नाहीत. प्लेट आपोआप खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी जस्ताच्या पत्र्याची माणूस आत बसेल एवढी पेटी करून घेतली होती आणि नळीच्या बाजूला शिसं लावलं होतं. मोजमाप चोख व्हावं हा हेतू होता, पण त्याच आडोशानं त्यांचं शरीरही वाचलं.

मग आज आपण किती घाबरायचं? आकडे बघू. रेडिएशन मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, हवा, आकाश, अन्न यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेला ०.१ किंवा त्याहून कमी. पोटाच्या सीटी स्कॅनला साधारण ८ ते १०. म्हणजे छातीचा एक्स-रे काही दिवसांच्या नैसर्गिक रेडिएशनएवढा, तर पोटाचा सीटी तीन-चार वर्षांच्या. १० मिलिसिव्हर्टमुळं आयुष्यात जीवघेणा कर्करोग होण्याची शक्यता साधारण २००० पैकी १ एवढी वाढू शकते, असा अमेरिकेच्या एफडीएचा अंदाज आहे. तिथं तशीही २००० पैकी सुमारे ४०० जणांना हा धोका असतोच.

म्हणजे गरज असेल तर सीटीला घाबरायचं नाही. अपघातात डोक्याला मार लागून बेशुद्धी आली असेल, तर सीटी जीव वाचवतो आणि तिथं रेडिएशनचा विचार करत बसणं हाच मोठा धोका. पण बघू या एकदा आत काय आहे, असं म्हणून काढलेल्या सीटीत फायदा शून्य आणि धोका तेवढाच. लहान मुलांना रेडिएशनचा त्रास जास्त होऊ शकतो. बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर तपासणीआधी सांगायलाच हवं.

आपल्याकडं एक्स-रे आणि सीटीच्या यंत्रांवर मुंबईतलं अणुऊर्जा नियामक मंडळ लक्ष ठेवतं. तिथं काम करणाऱ्यांसाठी वर्षाची कमाल मर्यादा आहे. पेशंटसाठी मात्र अशी मर्यादा जगात कुठंच ठरवलेली नसते, कारण गरजेच्या तपासणीला मर्यादा घालून चालत नाही. पेशंटचं मोठं संरक्षण या गोष्टीत आहे: तपासणीला योग्य कारण असणं.

सावलीच्या पुढं

रॉन्टजेन यांच्यानंतर सावलीची मागचं-पुढचं मिसळण्याची अडचण सुटायला पाऊण शतक लागलं. १९७१ मध्ये लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रानं पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी घेतला. तेही इंजिनिअरच. सीटी म्हणजे चहूबाजूंनी घेतलेल्या एक्स-रे सावल्यांवरून कॉम्प्युटरनं गणितानं तयार केलेले काप. सावल्या जास्त, म्हणून रेडिएशन जास्त.

एमआरआय चुंबक आणि रेडिओ लहरींवर चालतो, त्यात हे रेडिएशन नाही. चकती, शीर, लिगामेंट त्यात चांगली दिसतात. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधी सांगावं लागतं. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते. गर्भ, पित्ताचे खडे, गर्भाशय यासाठी ती उत्तम, पण हाड आणि हवेपुढं ती आंधळी होते. म्हणजे सीटी हा एक्स-रेचा आणि एमआरआय हा सीटीचा मोठा भाऊ नाही. प्रत्येक यंत्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. महाग म्हणजे चांगलं, हे इथं चालत नाही.

एमआरआयचं तर उलटंच आहे. ते इतकं बारीक दाखवतं की त्रास नसलेलंही दिसतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले गेले. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या मणक्यात चकती फुगलेली दिसली. त्यांना काहीच दुखत नव्हतं! म्हणून साध्या कंबरदुखीत लगेच स्कॅन करू नये, सहा आठवडे व्यायाम-औषधानं बघावं, असं डॉक्टरांच्या संघटना सांगतात. पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप, वजन घटणं, मोठा मार लागणं किंवा आधी कर्करोग झालेला असणं, यातलं काही असेल तर मात्र थांबायचं नाही.

त्यांचा शेवट

१९०० मध्ये रॉन्टजेन म्युनिकला गेले होते. पहिलं महायुद्ध झालं, जर्मनी हरली. १९१९ मध्ये आजारी बर्था गेली. नंतरच्या भयंकर महागाईत त्यांची बचत मातीमोल झाली. पेटंट घेतलं असतं तर ही वेळ आली नसती, असं आपल्याला वाटतं. १० फेब्रुवारी १९२३ रोजी ते वारले. आजार होता आतड्याचा कर्करोग. त्यांचं किरणांवरचं काम थोड्या वर्षांचं होतं आणि आडोसाही होता, म्हणून अभ्यासक या आजाराचा दोष किरणांना देत नाहीत. आणि आतड्यातली अशी गाठ साध्या एक्स-रेत सहसा दिसतही नाही. तिच्यासाठी आज कोलोनोस्कोपी करतात. ज्याच्या नावाचे किरण जगभर आजार शोधत होते, त्याच्या स्वतःच्या आजाराचा प्रश्न त्या किरणांच्या आवाक्यातला नव्हता. त्यांच्या इच्छेप्रमाणं त्यांचे खाजगी कागद जाळले गेले.

आपल्या पिशवीतली फिल्म

आता परत बीडला येऊ. रेडिएशन नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. सोनोग्राफीत रेडिएशन नसतं, पण तिच्याच गैरवापरानं आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागं फक्त ८०७ मुली उरल्या होत्या. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. जिल्ह्यातल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पोटदुखी किंवा अंगावर जाणं एवढ्याच तक्रारीवर सोनोग्राफी झाली आणि कॅन्सरची भीती घातली गेली, असं त्यातल्या अनेक बायकांनी सांगितलं.

सोनोग्राफीत गाठ दिसते, पण ती कॅन्सरची आहे का, हे नुसत्या सोनोग्राफीवरून पक्कं ठरत नाही. पाळी सुरू असलेल्या बाईच्या अंडाशयातली साधी पाण्याची गाठ बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. खात्री करायला बायोप्सी असते, दुसऱ्या डॉक्टरांचं मत असतं. आपल्या अंबाजोगाईत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या ओपीडीत फिल्म घेऊन जाता येतं.

घरात फोन कळणारे आपणच असतो, तर एवढं आपण करूच शकतो. तपासणी लिहून दिली की डॉक्टरांना नीट, मान ठेवून विचारायचं:

- या तपासणीतून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय?
- उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती आत्ता गरजेची आहे का?
- रेडिएशन नसलेली तपासणी चालेल का?
- आधीची फिल्म चालेल का?

आणि एक आपल्या कामातलं. सीटीच्या मूळ फाइलमध्ये राखाडी रंगाच्या सुमारे ४००० छटा असतात. फोननं फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला की साधारण २५६ उरतात. डॉक्टर जे शोधतात ते गायब झालेल्या छटांमध्ये असू शकतं. म्हणून तपासणीनंतर सीडी किंवा लिंक मागून घ्या, जुन्या फिल्म रिपोर्टसकट जपून ठेवा आणि दुसऱ्या दवाखान्यात जाताना सोबत न्या. एक सीटी परत काढायचा वाचला तरी पैसे आणि रेडिएशन दोन्ही वाचतात.

परवा काकांनी कमरेची फिल्म परत माझ्यासमोर धरली. यावेळी मी ती उजेडाकडं नेली नाही. आधी विचारलं की पायात मुंग्या येतात का, ताकद कमी झालीय का, डॉक्टरांनी ही कशासाठी काढायला सांगितली होती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. आता सोमवारी दोघं मिळून ते विचारायला जाणार आहोत.